दाणा, पाणी आणि माळ : बालाघाटावरील शिकारीच्या पक्ष्यांचा ऱ्हास

१

परळी वैजनाथ हे बीड जिल्ह्याच्या पूर्व भागातील नगर ज्योतिर्लिंगाचे स्थान म्हणून सर्वपरिचित आहे. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले वैद्यनाथाचे मंदिर डोंगराच्या उतारावर उभे असून त्याच्या पाठीशी बालाघाटाच्या रांगांची एक शाखा पसरलेली आहे. निजामी राजवटीच्या उत्तरकाळात येथे लोहमार्ग आला, १९७१ मध्ये औष्णिक वीजनिर्मिती सुरू झाली, आणि यात्रेचे एक गाव अर्ध्या शतकाच्या आत उद्योगाचे व बाजाराचे केंद्र बनले. या स्थित्यंतराचा विचार करताना अभ्यासकांनी जमीनधारणा, पीकपद्धती, स्थलांतर आणि दुष्काळ यांची दखल घेतली आहे. परंतु ज्या माळावर हे सारे घडले, त्या माळावरील वन्य जीवांचा इतिहास मात्र बहुधा शिकारकथांच्या किंवा पर्यटनाच्या पुस्तकांकडे सोपविला गेला आहे. वस्तुतः तो या प्रदेशाच्या सामाजिक व आर्थिक इतिहासाचाच एक भाग होय.

प्रस्तुत निबंधाचा विषय शिकारीचे पक्षी हा आहे. शिकार करणारे ससाणे वा गरुड येथे अभिप्रेत नाहीत. ज्यांची मांसासाठी वा मौजेसाठी शिकार होत असे ते माळढोक, तणमोर, मोर, तित्तर, लावा, पखुर्डी हे जमिनीवर वावरणारे आणि बहुतांशी जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी येथे विचारात घेतले आहेत. यांपैकी काही जवळजवळ नाहीसे झाले, काही टिकले, तर मोरासारख्या एखाद्याची संख्या काही ठिकाणी वाढलीही. हा फरक का पडला? आणि वन्य प्राण्यांना माणसाने दाणापाणी पुरविल्याने त्यांचा ऱ्हास थांबतो, अशी जी समजूत दुष्काळाच्या प्रत्येक उन्हाळ्यात नव्याने व्यक्त होते, तिला इतिहासाचा आधार कितपत आहे? हे दोन प्रश्न वरवर पाहता स्वतंत्र वाटतात. तथापि त्यांचे उत्तर एकच आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

वन्य प्राण्यापुढे खाद्य ठेवण्याची प्रथा दख्खनमध्ये प्राचीन आहे. मात्र तिचा मूळ हेतू पोषणाचा नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. बालाघाटाचा हा मुलूख त्या काळी चालुक्यांच्याच सत्तेखाली होता. या ग्रंथात राजाच्या विनोदांचे वर्णन करताना मृगया आणि मत्स्यविनोद यांना विस्तृत स्थान दिले आहे. कोणत्या जातीच्या माशाला कोणते खाद्य गोळे करून टाकावे, पाणवठ्यावर येणाऱ्या जनावरासाठी दबा कसा धरावा, शिकविलेले हरिण पुढे करून रानातील हरणे कशी जवळ आणावी, यांची चर्चा त्यात येते. येथे खाद्य आणि पाणी ही दोन्ही मृगयेची साधने आहेत. प्राण्याच्या गरजेचे ज्ञान आहे, आणि ते सूक्ष्म आहे. परंतु त्या ज्ञानाचा उपयोग प्राणी हाती लागावा यासाठी आहे.

हीच दृष्टी निराळ्या सामाजिक थरावर फासेपारध्यांच्या व्यवसायात दिसते. बारीक फासांची ओळ रोवून, शिकविलेल्या बैलाच्या वा गाईच्या आडोशाने तित्तर-लावे हळूहळू फासांकडे वळविण्याचे त्यांचे कौशल्य प्रसिद्ध होते. पक्षी कोणत्या वेळी चरतो, कोणत्या बांधाने जातो, कोठे धूळ अंगावर घेतो, याची त्यांची माहिती कोणत्याही निसर्गशास्त्रज्ञाला हेवा वाटावा अशी होती. गुन्हेगार जमाती ठरविणाऱ्या कायद्यांच्या छायेत या समाजाने अनेक दशके काढली. १९५२ मध्ये तो कलंक कागदावरून पुसला गेला, आणि वीस वर्षांनी आलेल्या वन्यजीव कायद्याने त्यांचा परंपरागत व्यवसाय पूर्णतः बेकायदा ठरविला. एका कायद्याने त्यांना गुन्हेगार म्हटले, दुसऱ्याने त्यांचे ज्ञान निरुपयोगी केले. माळावरील पक्ष्यांचा इतिहास लिहिताना या साक्षीदारांचा विसर पडणे योग्य नव्हे.

संस्थानी काळात शिकार हा सत्तेचा विधी होता. सहावा निजाम मीर महबूब अली खान (राज्यकाल १८६९ ते १९११) याची वाघाच्या शिकारीबद्दल ख्याती होती. रेडकू बांधून मचाणावर बसणे, हाकारे लावून जनावर बंदुकीसमोर आणणे, या रीती राजापासून जहागीरदारापर्यंत झिरपल्या होत्या. परळीच्या निकटचे मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होते. आणि दख्खनच्या पठारावरील अशा छावण्यांमध्ये बंदूक व घोडा ही अधिकाऱ्यांच्या फुरसतीची नित्याची साधने असत. आमिष म्हणून बांधलेले रेडकू आणि फासाजवळ टिपला जाणारा दाणा यांत दर्जाचा भेद असला, तरी तत्त्वाचा भेद नव्हता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यात ठार मारण्याबरोबरच पकडणे, फासात अडकविणे, हाका घालणे आणि आमिष दाखविणे यांचाही समावेश आहे. वन्य प्राण्यापुढे टाकलेले अन्न हे हत्याराइतकेच परिणामकारक असते, हा शतकांचा अनुभवच जणू या व्याख्येने मान्य केला.

अन्नदानाची दुसरी परंपरा अर्थातच धार्मिक व दयाबुद्धीची आहे. पाखरांसाठी दाणे टाकणे, उन्हाळ्यात पाण्याचे भांडे भरून ठेवणे, देवस्थानाच्या परिसरातील मोरांना अभय देणे, हे आचार महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. पुणे जिल्ह्यातील मोराची चिंचोली या गावाची तर ओळखच मोरांशी जोडली गेली आहे. या परंपरेचे नैतिक मोल निर्विवाद आहे. परंतु तिचा लाभ माणसाच्या वस्तीजवळ येण्यास न बिचकणाऱ्या आणि धान्यावर निर्वाह करू शकणाऱ्या जातींनाच मिळतो. जो पक्षी माणसापासून दूर राहतो आणि धान्य ज्याचे मुख्य अन्न नाही, त्याच्यापर्यंत हा दाणा पोहोचतच नाही. येथेच प्रश्नाचे मर्म आहे.

३

त्या दुसऱ्या प्रकारच्या पक्ष्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे माळढोक. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाते; उडू शकणाऱ्या पक्ष्यांत हा अत्यंत वजनदार पक्ष्यांपैकी एक मानला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या पठारावर तो विपुल होता. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची पाहणी करणारे कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पक्षिसूचीत या पक्ष्याचे विपुल अस्तित्व नमूद करताना, एका गृहस्थाने सुमारे हजार माळढोक मारल्याचा उल्लेख केला आहे. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) भागात रॉबर्ट मॅन्सफील्ड या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद पक्षिशास्त्रीय वाङ्मयात वारंवार उद्धृत होते. बालाघाटाची रांग नगरच्या पठारावरून बीड, धाराशिव आणि लातूरकडे अखंड येते. साऱ्या पट्ट्यात तीच उथळ काळी वा मुरमाड जमीन, तेच कुसळीचे गवत आणि तीच कोरडवाहू शेती होती. संस्थान आणि ब्रिटिश मुलूख यांमधील सीमा नकाशावर होती, माळावर नव्हती.

हजाराच्या घरातील पक्षी एका माणसाच्या बंदुकीस बळी पडूनही जातीचा उच्छेद झाला नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. माळढोकाची मादी वर्षाला सामान्यतः एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते आणि सुमारे सत्तावीस दिवस ते उबविते. एवढ्या मंद प्रजननाच्या पक्ष्याला शिकारीचा भार अल्पकाळच सोसवतो. तरीही तो एकोणिसावे शतक पार करून विसाव्या शतकात आला, याचे कारण माळ विस्तीर्ण होता. शिकाऱ्याचा पल्ला संपे, पण माळ संपत नसे. मारल्या गेलेल्या पक्ष्याची जागा शेजारच्या माळावरून भरून निघे.

हा माळ म्हणजे केवळ गवत नव्हे. माळढोकाचे अन्न नाकतोडे, टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, आणि हंगामात हरभरा, भुईमूग असे मिश्र असते. खरिपाच्या काळात तो गवताळ पडिकात अंडी घाली, रब्बीत शेतांच्या कडेला चरत असे. तित्तर, लावा आणि मोर यांचा निर्वाहही याच व्यवस्थेवर चाले. ज्वारीची कापणी झाल्यावर शेतात राहिलेला सरवा, खळ्याभोवती सांडलेले दाणे, बांधावरील बोरी-बाभळी, पडीक ठेवलेले तुकडे आणि गावाचे गायरान, या सर्वांतून त्यांना बारा महिने अन्न मिळे. कोणी ते मुद्दाम घालत नव्हते. गरीब माणसे जो सरवा वेचीत, त्यातलाच उरलेला पाखरांच्या वाट्याला येई. पूर्वीच्या शेतीव्यवस्थेत वन्य पक्ष्यांचा ‘पूरक खाद्यपुरवठा’ असा अंतर्भूत होता. त्याला नाव नव्हते, आणि तो कोणाच्या दयेवर अवलंबून नव्हता.

सालिम अली यांनी १९३१–३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पक्षिपाहणी केली आणि तिचा वृत्तांत पुढील दोन वर्षांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठवाड्याच्या पक्षिजीवनाची शास्त्रीय नोंद खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते. या पाहणीनंतरच्या तीन दशकांत राजकीय नकाशा तीनदा बदलला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९४९ मध्ये जहागिरी नष्ट झाल्या, १९५० च्या कुळकायद्याने कसणाऱ्याचे हक्क दृढ केले. हे बदल न्याय्य आणि अटळ होते. परंतु जहागीरदाराच्या राखीव रानाबरोबरच त्यावरील बंधनही सुटले, आणि पडीक जमीन लागवडीखाली आणणे हे नव्या राष्ट्राचे अन्नविषयक धोरण बनले. १९६९ मध्ये धर्मकुमारसिंहजी यांनी देशातील माळढोकांची संख्या सुमारे १,२६० असल्याचा अंदाज केला. २०१८ च्या सुमारास हा अंदाज दीडशेच्या आसपास आला, आणि त्यातील बहुसंख्य पक्षी राजस्थानात होते. महाराष्ट्रात आज हा पक्षी जवळजवळ नामशेष झाला आहे.

४

शिकार थांबल्यावरही पक्षी वाढू नये, आणि अन्न घातल्यावरही टिकू नये, हे कोडे केवळ दख्खनचे नाही. त्याच्या उलगड्यास उत्तर अमेरिकेतील रानटर्कीचा इतिहास विशेष साहाय्यक ठरतो. कारण तोही मोठा, जमिनीवर घरटे करणारा आणि शिकाऱ्यांचा आवडता पक्षी आहे. या पक्ष्याची पाळीव जात भारतात प्रथम येण्याचा प्रसंगही कोकण-गोव्याशी निगडित आहे. जहांगीर बादशहाच्या आज्ञेवरून गोव्यास गेलेल्या मुकर्रब खानाने १६१२ मध्ये जे अपूर्व प्राणी दरबारात आणले, त्यांत टर्की होता. त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग क्षणोक्षणी बदलतो, याचे बादशहाला मोठे नवल वाटले आणि त्याने त्याचे चित्र काढविले. ते चित्र उस्ताद मन्सूरचे मानले जाते.

त्या पक्ष्याच्या मूळ भूमीत मात्र अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत जंगलतोड आणि बाजारासाठी होणारी अनिर्बंध शिकार यांमुळे त्याचा झपाट्याने ऱ्हास झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात अनेक राज्यांतून तो पूर्णतः नाहीसा झाला होता. १९०० च्या लेसी कायद्याने अवैध शिकारीच्या आंतरराज्य व्यापाराला पायबंद घातला. १९३७ च्या पिटमन–रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या पुनरुज्जीवनासाठी राखून ठेवले. या पैशातून प्रथम जो उपाय योजला गेला, तो सोपा आणि म्हणून आकर्षक होता. कुक्कुटपालनाप्रमाणे टर्की वाढवून त्या रानात सोडण्यात आल्या. हा प्रयोग जवळजवळ सर्वत्र फसला. हातच्या दाण्यावर वाढलेल्या पक्ष्याला कोल्ह्याची चाहूल कळत नव्हती, पिल्लांना कोठे न्यावे हे आईला उमगत नव्हते.

यश आले ते १९५० नंतर. तोफेच्या साहाय्याने फेकल्या जाणाऱ्या जाळ्यांनी खरे रानपक्षी जिवंत पकडून, ज्या प्रदेशात जंगल पुन्हा वाढले होते तेथे ते सोडण्यात आले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जाळ्यासमोर पक्षी यावेत म्हणून मक्याचे दाणे टाकले जात. ‘मानसोल्लासा’तील युक्तीच येथे उलट हेतूने वापरली गेली. पण पक्षी वाढले ते त्या मक्यामुळे नव्हे, तर नव्या ठिकाणच्या रानामुळे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या सत्तर लाखांच्या जवळ पोहोचली.

त्यानंतर मात्र आग्नेय अमेरिकेतील अनेक राज्यांत ती पुन्हा घटू लागली आहे. घरट्यायोग्य गवत-झुडपांचा ऱ्हास, भक्षकांची वाढ, रोग आणि हंगामाच्या आरंभीच होणारी नरांची शिकार अशी कारणे चर्चेत आहेत, आणि काही राज्यांनी शिकारीचा हंगाम पुढे ढकलला आहे. याच संदर्भात शिकाऱ्यांनी रानात ठेवलेल्या दाण्याच्या यंत्रांचा प्रश्न पुढे आला. त्यावरील आक्षेप चार आहेत. पहिला असा की, एका जागी वारंवार पडणाऱ्या मक्यावर रॅकूनसारखे अंडी खाणारे प्राणीही जमतात आणि आसपासच्या घरट्यांना धोका वाढतो. दुसरा, दमट मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि पक्षी त्यास विशेष बळी पडतात. तिसरा, दाट जमावातून रोग पसरतात. चौथा आक्षेप सर्वांत मूलभूत आहे. टर्कीचे पिल्लू पहिले काही आठवडे प्रामुख्याने किडे खाऊन वाढते. त्याला मक्याचा उपयोग नाही. जातीचे भवितव्य ज्या वयात ठरते, त्या वयातील जीवाला हा पुरवठा पोहोचतच नाही. म्हणूनच बहुतेक राज्यांनी आमिषावर टर्की मारण्यास मनाई केली आहे.

हा चौथा मुद्दा बालाघाटावर जसाच्या तसा लागू पडतो. तित्तराचे, लाव्याचे, मोराचे आणि माळढोकाचे पिल्लूही कीटकांवरच वाढते. ते कीटक गवतात असतात, ढिगात नव्हे.

५

या निष्कर्षाची स्थानिक कसोटी १९७२ च्या दुष्काळाने पुरविली. त्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली सोलापूर जिल्ह्यात गवताळ पडीक जमिनीचे तुकडे चराईपासून राखण्यात आले. या योजनेचा हेतू मृदसंधारण, चारा आणि मजुरांना काम हा होता. पक्ष्यांचा विचार तीत नव्हता. परंतु नान्नज येथील राखलेल्या गवतात माळढोक येऊन राहू लागले आणि अंडी घालू लागले. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी ही गोष्ट उजेडात आणली. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित झाले, आणि पुढील दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने असद रहमानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दीर्घ अभ्यास केला.

नान्नजच्या अनुभवातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, कोणीही एक दाणा न टाकता, केवळ गवताला दोन-तीन पावसाळे उसंत दिल्याने दख्खनमधील सर्वांत दुर्मिळ शिकारीचा पक्षी परत आला. दुसरा धडा त्याच्या उलट बाजूचा आहे. अभयारण्याच्या कागदी सीमेत खासगी शेते, गावे, रस्ते आणि तालुक्याची ठिकाणे आली; जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंधांमुळे शेतकऱ्याला पक्षी हा शत्रू वाटू लागला. राखलेल्या काही तुकड्यांत झाडे लावण्यात आली. वनविकासाच्या दृष्टीने ते सत्कार्य होते, पण उघड्या माळावर दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याला ते प्रतिकूल ठरले. भोवतालची ज्वारी-करडई हटून ऊस व द्राक्षे आली. पुढे अभयारण्याचे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले, तोपर्यंत पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

बीड जिल्ह्याचे स्वतःचे उदाहरण याहून वेगळे आहे. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ मध्ये सुमारे तीस चौरस किलोमीटरचे मयूर अभयारण्य स्थापन झाले. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी ठरला. त्या निवडीच्या वेळी सालिम अली यांनी माळढोकाचा पुरस्कार केला होता, ही गोष्ट येथे स्मरणीय आहे. मोराने बदलत्या काळाशी जुळवून घेतले. तो झुडुपी डोंगरउतारावर रात्र काढतो, दिवसा शेतात उतरतो, बी, कोंब, शेंगा, साप-सरडे काहीही खातो. मादी एका वेळी चार-पाच अंडी घालते. धार्मिक भावना त्याच्या पाठीशी आहे. लोकांनी टाकलेला दाणा आणि उन्हाळ्यात वनखात्याने भरलेले पाणवठे त्याच्या उपयोगी पडतात. परंतु पेरलेले बी उकरणारा मोर आणि शेतकरी यांचे हितसंबंध एक नसतात, आणि औषध लावलेले बियाणे खाऊन मोर मेल्याच्या घटना महाराष्ट्रात वेळोवेळी घडल्या आहेत. दाण्याने माणसाच्या जवळ आणलेला पक्षी माणसाच्या विषाच्याही जवळ येतो.

येथे एक भ्रम टाळला पाहिजे. मोर दिसतात म्हणून माळ सुखरूप आहे, असे अनुमान काढणे हे गावातील धनिकाच्या कोठाराकडे पाहून साऱ्या गावाचा हंगाम ठरविण्यासारखे आहे. दाण्यावर जगू शकणारा पक्षी वाढला आणि माळावरच जगू शकणारा पक्षी गेला, याचा अर्थ माळाचे कार्य संपुष्टात आले इतकाच होतो.

पाण्याची गोष्ट दाण्याहून थोडी निराळी आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१५ च्या दुष्काळात परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. बीड जिल्ह्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. माणूस आणि गुरे यांची ही अवस्था असताना रानातील काळवीट, चिंकारा वा मोर यांच्यासाठी पाणवठा भरणे हे कर्तव्यच ठरते. परंतु ते आपत्कालीन साहाय्य आहे. त्यास संवर्धन म्हणणे म्हणजे चारा छावणीला पशुसंवर्धन म्हणण्यासारखे होईल.

६

तेव्हा अखेरीस प्रश्न जमिनीचा उरतो. आणि मराठवाड्यात जमिनीचा प्रश्न उच्चारताच गायरानाचा उल्लेख अपरिहार्य होतो. गायरान हीच शिकारीच्या पक्ष्यांची शेवटची विस्तीर्ण जागा होती. तीच जमीन भूमिहीनांच्या, विशेषतः दलितांच्या, जगण्याचीही शेवटची आशा होती. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ व १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह, १९७८ व १९९१ चे अतिक्रमणे नियमित करण्याविषयीचे शासन निर्णय, आणि बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने गायरान कसणाऱ्या कुटुंबांच्या हक्कासाठी दिलेला लढा, हा या प्रदेशाच्या सामाजिक न्यायाच्या इतिहासातील महत्त्वाचा अध्याय आहे. ज्याला पिढ्यान्पिढ्या गावाच्या शिवारात एक वावही मिळाला नाही, त्याने पडिकात नांगर घातला, यात पक्ष्यावरील अन्याय शोधणे हे इतिहासाचे विपरीत वाचन ठरेल.

परंतु गायरान केवळ भूमिहीनांनी घेतले असे मुळीच नाही. सधनांची अतिक्रमणे, सार्वजनिक इमारती, खाणी, प्रकल्प आणि रस्ते यांनीही त्याचा मोठा घास घेतला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश राज्यांना दिले. मात्र भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद मान्य केला. हा अपवाद महत्त्वाचा आहे, कारण त्याने दोन भिन्न गोष्टींना एकाच नावाने संबोधण्यास प्रतिबंध केला. गायरान कोणी घेतले, कशासाठी घेतले आणि उरलेल्याचे काय करावयाचे, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले गेले पाहिजेत. शिकारीच्या पक्ष्यांच्या अभ्यासकाला हे प्रश्न टाळता येणार नाहीत, आणि ग्रामीण समाजाच्या अभ्यासकालाही पक्ष्याची साक्ष अप्रस्तुत मानता येणार नाही.

नान्नजच्या प्रारंभीच्या अनुभवाने एक शक्यता दाखविली होती. तेथील गवत प्रथम राखले गेले ते चाऱ्यासाठी, मातीसाठी आणि मजुरीसाठी. पक्षी त्यामागून आला. उरलेल्या गायरानाचे तुकडे आळीपाळीने राखून, पावसाळा संपल्यावर गवत कापण्याचा हक्क भूमिहीनांना व मेंढपाळांना दिला, तर गुरांचा चारा, गरिबाचे उत्पन्न आणि पाखराचे घरटे ही तिन्ही एकाच जमिनीवर नांदू शकतात. मराठवाड्यात दर काही वर्षांनी चारा छावण्यांवर शासनाला खर्च करावाच लागतो. तेव्हा राखलेले गवत ही चैन ठरत नाही. माळावर चरणाऱ्या पक्ष्याची इत्थंभूत माहिती असलेला पारधी समाजही अशा राखणीत सन्मानाने सामावला जाऊ शकतो. त्याच्या ज्ञानाचा उपयोग इतके दिवस केवळ शिक्षेसाठी पुरावा म्हणून झाला.

राजस्थानात २०१९ पासून माळढोकाची अंडी रानातून आणून कृत्रिम रीतीने उबविण्याचा आणि पिल्ले वाढविण्याचा प्रकल्प सुरू आहे. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लूही जन्मास आले. शास्त्रीय दृष्ट्या हे मोठे यश आहे. तथापि हातच्या अन्नावर वाढलेल्या टर्कीचा अमेरिकेतील पूर्वानुभव लक्षात घेता, या पिल्लांना सोडावयाचे कोठे, हा प्रश्न त्या यशानंतरही तसाच उभा राहतो. दख्खनमध्ये त्यांना कधी परत आणावयाचे झाल्यास त्यापूर्वी माळ परत आणावा लागेल.

बालाघाटावरील शिकारीच्या पक्ष्यांचा इतिहास एका वाक्यात सांगावयाचा तर असे म्हणता येईल की, त्यांना माणसाने मारल्याने ते घटले, पण माळ मोडल्याने ते संपले. राजाने टाकलेला दाणा मृगयेसाठी होता, भाविकाने टाकलेला पुण्यासाठी. दोहोंमुळे काही पक्षी माणसाच्या जवळ आले, जात मात्र कोणतीही तगली नाही. ज्या अन्नाने त्या जाती शतकानुशतके तगल्या, ते कोणीच टाकलेले नव्हते. ते सरव्यात, बांधावर आणि गावाच्या सामायिक गवतात होते. त्या सामायिकतेचा हिशेब मांडल्याविना पक्ष्यांचा हिशेब पुरा होत नाही.